सागरगोट्याचं कुलूप

ऐका पोट्टेहो. बांधावरच्या त्या जाळीत गाय शिरत नाही, शेळीसुद्धा जपूनच तोंड घालते. धानाच्या बांधीला कुंपण म्हणून लावलेला हा सागरगोटा आपल्या लाखोरीचा, तुरीचा भाऊबंद आहे. सगळे शेंगांच्या कुळातले.

आता काटा पाहा. बाभळीचा काटा जोडीनं येतो, कारण पानाच्या बुडाशी जी दोन उपपर्णं असतात तीच काटे होतात. सागरगोट्याचा काटा नुसत्या सालीतून निघतो, तोही खाली वळलेला. पानाच्या दांड्यालासुद्धा आकडे! ते अडकवत अडकवत ही झुडपं शेजारच्या झाडावर चढतात. धोतर अडकलंच तर पुढे ओढायचं नाही, मागे सरायचं.

पिवळी फुलं गळाली की काटेरी शेंग धरते. आत बहुधा दोनच बिया, राखाडी, गुळगुळीत. याच बिया पोरी झेलतात आणि तुम्ही फरशीवर घासून भावाला चटके देता. तो चटका बीचा नव्हे, घासण्याचा.

खरं नवल त्या कवचात आहे. पाणीच आत शिरू देत नाही! गोटा कानाशी हलवा. वाळलेला गर कधीकधी आत खुळखुळतो. दोन डाळींच्या मधे पोकळी असते, म्हणून असा गोटा पाण्यावर तरंगतो. समजा, एखादा आपल्या चुलबंदीत पडला. चुलबंद वैनगंगेला मिळते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते, आणि पुढे बंगालचा उपसागर. आपला गोटा तिथवर पोचला असं मी म्हणत नाही, वाटेत धरणं काय थोडी आहेत! पण कॅरिबियन बेटांकडचे गोटे अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागतात. तिथं थंडीमुळे झाड काही उगवत नाही. जुन्या काळी तिथल्या बाया मात्र समुद्रानं आणलेल्या अशा बिया दृष्ट लागू नये म्हणून लेकरांच्या गळ्यात बांधत. आपल्यासारख्याच की त्या!

पाणीच आत शिरत नाही, मग गोटा उगवतो कसा? कवच झिजलं, चिरलं, तरच. आपल्याला तेवढी वाट पाहायची नाही. बीचा डोळा सोडून दुसरी बाजू कानशीनं घासा, आतला पांढरा गर दिसेपर्यंत. गराला धक्का नको. रात्रभर भिजत घाला. सकाळी जे फुगले ते मातीत, जे तसेच राहिले ते पुन्हा घासायला. आणि लावताना बैलगाडीच्या वाटेपासून दूर लावा रे बाबांनो.