राजीनाम्यातलं ‘वैयक्तिक कारण’

कुणाचाही राजीनामा काढून बघा, मजकूर ठरलेला. ‘वैयक्तिक कारणास्तव मी सेवेचा राजीनामा देत आहे.’ शिक्षकही हेच लिहितो. पण दलित, भटका-विमुक्त किंवा मुसलमान शिक्षक शाळा सोडतो, तेव्हा ते कारण कितपत वैयक्तिक असतं, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

मी तळवड्यात राहतो. एका अंगाला देहू, दुसरीकडे चाकणचा रस्ता, मध्ये आयटी पार्क आणि लहानमोठे कारखाने. गेटवर रजिस्टर लिहिणाऱ्याचं अक्षर वळणदार दिसलं की मी विचारतो, “गुरुजी होता का?” दोनदा उत्तर ‘हो’ आलं आहे.

पैसा हे पहिलं कारण, ते नाकारण्यात अर्थ नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिक शिक्षकाला तीन वर्षं महिना ३ हजार रुपये मानधन होतं. ते १६ हजार व्हायला २०२३ उजाडलं. विनाअनुदानित शाळांत तर कित्येकांनी वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवलं. पण गंमत अशी, की बिनपगारी माणूस टिकतो आणि पगार सुरू झालेला एके दिवशी उठून जातो. असं का होतं?

१९१८ साली डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस. पण प्राध्यापकांच्या सामाईक भांड्यातलं पाणी त्यांनी घेण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली ती लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करण्यासाठी, त्या भांड्यामुळे नव्हे. तरी ते भांडं विसरता येत नाही. पुढे नागपूरच्या कुमुद पावडे संस्कृतात एम. ए. झाल्या, पण कॉलेजात नेमणूक मिळेना. आंतरजातीय लग्न झालं, सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे आलं, आणि नेमणूक झाली. श्रेय पदवीचं नव्हे, नव्या आडनावाचं, हे त्यांनीच ‘अंतःस्फोट’मध्ये १९८१ साली लिहून ठेवलं आहे.

आता पाण्याचं भांडं सहसा कुणी अडवत नाही. आता विचारतात, “तुमची नेमणूक कोट्यातली ना?” वर्गातली दंगेखोर पोरं ‘तुमच्या वस्तीतली’ म्हणून तुमच्याकडे लावून देतात. मुसलमान बाईंकडे ईदला शिरखुर्मा हक्कानं मागतात, आणि कुठे स्फोट झाला की खुलासाही तितक्याच हक्कानं मागतात. “तुमचं मराठी छान आहे हो,” हे तर मी स्वतः शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. कौतुकच असतं ते. पण घरच्या भाषेसाठी पाहुण्यासारखी शाबासकी घ्यायची म्हणजे जरा अवघडच.

अमेरिकेत हेच निराळ्या रूपात घडलं. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल न्याय्य होता. हळूहळू काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली, त्यांचे गुरुजी मात्र बाहेर राहिले. १९६५ पर्यंत १७ राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्याचा अंदाज आहे. जे आजही शाळेत आहेत, त्यांच्यावर काळ्या मुलांना ‘आवरण्याचं’ जादा, बिनमोबदल्याचं काम पडतं. तिथले शिक्षणमंत्री जॉन किंग यांनी २०१६ मध्ये याला ‘अदृश्य कर’ म्हटलं. आपल्याकडच्या स्टाफरूममध्ये त्याला नाव नाही, वसुली मात्र चालू असते.

नोकरी सुटल्यावर ही जखम भरते कशी? नुसती दुसरी नोकरी मिळून भरत नाही, एवढं मी जवळून पाहिलं आहे. शांताबाई कांबळे १९४२ पासून सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका होत्या. त्यांनी नोकरी सोडली नाही, निभावली. पण लिहायला बसल्या त्या १९८१ मध्ये निवृत्त झाल्यावर. ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ हे पुस्तक १९८६ चं. बोलायला माणसाला आधी त्या आवाराबाहेर यावं लागतं की काय, कोण जाणे.

माझ्या ओळखीचे एक सर मराठवाड्यातल्या शाळेतून नऊ वर्षांनी बाहेर पडले. आता चाकणला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. पहिलं वर्ष ते शाळेच्या रस्त्यानं जात नसत. पुस्तकं रद्दीत घालायला निघाले होते, वहिनींनी ती पलंगाखाली लपवली. मग चहाच्या टपरीवर आणखी दोघे माजी शिक्षक भेटले. बोलता बोलता कळलं, तिघांनाही कधी ना कधी एकच वाक्य ऐकवलं गेलं होतं, “तुम्हाला काय, तुमचं सगळं फुकटच.” जिल्हे वेगळे, शाळा वेगळ्या, जातीही वेगळ्या. “मला वाटायचं, मीच कुठे कमी पडलो,” सर मला म्हणाले. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

आता रविवारी सकाळी ते कामगारांच्या मुलांना गणित शिकवतात. फी नाही, हजेरीपट नाही. चौदा मुलं येतात. पावसात पत्र्यावर इतका आवाज होतो की सरांना फळ्यावर लिहूनच शिकवावं लागतं. म्हणून सध्या आम्ही स्लॅबची एखादी खोली शोधतो आहोत.