कालवा आणि कालवं

गुजरातमधल्या कोयलीहून समुद्र दिसत नाही. पण 1965 मध्ये इथली रिफायनरी सुरू झाली, भोवती कारखाने वाढले आणि 1983 पासून या पट्ट्यातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पन्नासेक किलोमीटरच्या कालव्यातून मही नदीच्या मुखाशी, सारोदजवळ पोचू लागलं. खाऱ्या पाण्यात पुढे काय होतं, ते समजून घ्यायला कोकणातली कालवं बरी.

महाराष्ट्राच्या 2017 च्या कांदळवन योजनेत कालवं आणि शिंपले पाळण्याचा समावेश झाला. तराफ्याला दोऱ्या टांगायच्या, त्यांवर शिनाण्यांचं, म्हणजे हिरव्या शिंपल्यांचं, बीज बसवायचं आणि वाट पाहायची. कोळंबीच्या तळ्यासारखं खाद्य टाकावं लागत नाही. हे जीव पाण्यातलं सूक्ष्म शैवाल गाळून खातात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मोठं कालव अनुकूल पाण्यात दिवसाला शंभरावर लिटर पाणी गाळू शकतं. शेतांतून वाहून आलेल्या खतावर शैवाल माजतं, शैवाल शिंपल्यांच्या पोटात जातं आणि शिंपले काढले की त्यातला काही नत्र पाण्याबाहेर येतो.

पण गाळणी म्हटली की गाळ आलाच. शिंपल्यांची विष्ठा आणि नको म्हणून टाकलेले कण तळाशी बसतात. खेळत्या पाण्यात ते पांगतात. कोंडलेल्या खाडीत मात्र साचून कुजतात, प्राणवायू संपवतात आणि चिखलातले किडे मरतात. तराफ्यांची दाटी झाली तर खाडीतल्या इतर जिवांच्या वाट्याचं शैवालही कमी पडतं. म्हणूनच स्पेनमधल्या गॅलिसियात, जिथे तीन हजारांहून जास्त तराफे आहेत, तिथे दोरी किती लांब असावी हेसुद्धा नियमाने ठरलेलं आहे.

शैवालाबरोबर शिंपले पाण्यातले जंतू आणि जड धातूही गोळा करतात. स्वच्छ पाण्यात दोनएक दिवस ठेवले तर बरेचसे जंतू निघून जातात. कॅडमियमसारखा धातू मात्र सहजासहजी अंग सोडत नाही. धातू गोळा करण्याच्या या सवयीमुळेच अमेरिका 1986 पासून किनाऱ्याच्या प्रदूषणाची नोंद शिंपल्यांच्या मांसावरून ठेवू लागली.

तराफ्यांची दाटी कमी करणं, वाहती जागा निवडणं शिंपले पाळणाऱ्याच्या हातात आहे. कालव्याच्या वरच्या टोकाला पाण्यात काय सोडलं जातं, ते नाही.