प्रकाश-उत्प्रेरणाद्वारे सांडपाण्याचे रंगनिर्मूलन

प्रकाश-उत्प्रेरणाद्वारे रंगनिर्मूलन ही प्रकाशाने क्रियाशील होणाऱ्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने सांडपाण्यातील रंगीत सेंद्रिय द्रव्यांचे विघटन करण्याची पद्धत आहे. मिठाई व शीतपेये यांच्या उद्योगांतील टार्ट्राझिनसारखे कृत्रिम रंग, तसेच उसाच्या मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या द्रवातील तपकिरी मेलॅनॉइडिने जिवाणूंकडून सहजासहजी नष्ट होत नाहीत. त्यामुळे अशा सांडपाण्यासाठी ही पद्धत अभ्यासली जाते.

कार्यतत्त्व

टायटॅनियम डायऑक्साइड हा सर्वाधिक वापरला जाणारा प्रकाश-उत्प्रेरक होय. त्याच्या अ‍ॅनाटेज या रूपावर सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण पडले की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीत जातो व त्याच्या जागी धनभारित पोकळी उरते. या पोकळीची पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रॉक्सिल मुक्तमूलके तयार होतात. ही अतिशय क्रियाशील असून रंगद्रव्याचे रेणू तोडतात. अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन दाखवल्यानंतर या क्षेत्रातील संशोधनास चालना मिळाली.

मुंबईतील संशोधन

दादरलगतच्या माटुंगा येथील रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. तेथील पराग गोगटे व अनिरुद्ध पंडित यांनी २००४ मध्ये सांडपाणी शुद्धीकरणाच्या ऑक्सिडीकरण पद्धतींचा दोन भागांत आढावा प्रसिद्ध केला. पहिल्या भागात प्रकाश-उत्प्रेरण, ओझोन, फेंटन अभिक्रिया व पोकळीभवन (द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटणे) यांचा, तर दुसऱ्या भागात संयुक्त पद्धतींचा विचार आहे. प्रकाश-उत्प्रेरणास ध्वनिलहरींची जोड दिल्यास उत्प्रेरकाचा पृष्ठभाग स्वच्छ राहण्यास मदत होते.

मर्यादा

रंग जाणे म्हणजे पाणी शुद्ध होणे नव्हे. टार्ट्राझिनमधील दोन नायट्रोजन अणूंमधील बंध तुटताच पिवळा रंग नाहीसा होतो. परंतु रेणूचे रंगहीन तुकडे पाण्यातच राहू शकतात. त्यांचे कार्बन डायऑक्साइड, पाणी व क्षार यांत रूपांतर झाले की नाही, हे रासायनिक ऑक्सिजन मागणी व एकूण सेंद्रिय कार्बन मोजूनच ठरवावे लागते.

गडद सांडपाण्यात प्रकाश खोलवर पोहोचत नाही, तसेच साखर व क्षारही मुक्तमूलके खर्च करतात. सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचे प्रमाण अल्प असते व वापरलेली बारीक भुकटी पाण्यातून वेगळी करावी लागते. या कारणांमुळे ही पद्धत जैविक प्रक्रियेस पर्याय न ठरता तिच्यानंतरचा अंतिम टप्पा म्हणून अधिक योग्य मानली जाते.