नागिणीची लस आणि दोन दिवसांचा ताप

चेन्नईत नागिणीला ‘अक्की’ म्हणतात. त्यावर कुंभाराकडून काव लावून घ्यायची तिथली जुनी रीत. आपल्याकडे भीती वेगळी: नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो. हे खरं नाही. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती घटली की सहसा एकाच बाजूच्या तंतूवाटे बाहेर पडतो. खरी धास्ती नंतर महिनोन्‌महिने उरणाऱ्या आगीची.

‘शिंग्रिक्स’ ही लस भारतात 2023 मध्ये आली. पन्नाशीनंतर दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे, हे खरंच. तिच्यात जिवंत विषाणू नाही, फक्त त्याचं एक प्रथिन. जोडीला प्रतिकारशक्तीला डिवचणारं मिश्रण, ज्यातला एक घटक चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीतून मिळतो. म्हणूनच दंड ठणकतो, अंग मोडून येतं, कधी थंडी वाजून ताप भरतो.

बहुतेकांना हे दोन-तीन दिवसांत ओसरतं. पाणी भरपूर प्या, दंडावर थंड पट्टी ठेवा, लागलंच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर मात्र तडक रुग्णालय गाठा. नुसत्या तापाला घाबरून दुसरा डोस टाळू नका. टिकाऊ संरक्षणासाठी तो लागतोच.