पियानो त्रयी

पियानो त्रयी अथवा पियानो ट्रिओ हा पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एक वाद्यसमूह असून त्यात पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीन वाद्यांचा समावेश होतो. या वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेलाही त्रयी असेच म्हणतात. चेंबर म्युझिक, म्हणजे मोठ्या रंगमंदिराऐवजी दालनात मोजक्या श्रोत्यांसमोर सादर होणारे संगीत, या प्रकारात तिची गणना होते. वाद्यवृंदात एकच ओळ दहा-बारा व्हायोलिनवादक मिळून वाजवतात. त्रयीत मात्र प्रत्येक ओळीला एकच वादक असतो आणि संचालक नसतो. महाराष्ट्रात १९३० च्या दशकात मुंबईत अशी एक त्रयी नियमित मैफली करीत असे.

== वाद्यांचा मेळ ==

या तीन वाद्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळणारे नाहीत आणि या प्रकारातील गोडी व अडचण या दोन्हींचे मूळ तेथेच आहे. पियानोची पट्टी दाबली की आतील हातोडी तारेवर आघात करते. स्वर उमटतो तो त्या क्षणी सर्वांत ठळक असतो आणि लगेच विरू लागतो. व्हायोलिन व चेलो गजाने वाजतात. त्यांचा स्वर गज फिरत असेपर्यंत टिकतो, वाढवता येतो, हळूच मिटवताही येतो. म्हणून पियानोवरची सुरावट गजवाद्यावर जशीच्या तशी उतरत नाही. चांगला रचनाकार हा भेद लपवत नाही, त्याचा उपयोग करून घेतो.

दुसरा भेद स्वरस्थानांचा आहे. पियानोत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात व मैफलीच्या वेळी ते बदलता येत नाहीत. व्हायोलिन व चेलोला पडदे नसल्याने वादक स्वर किंचित चढा वा उतरता घेऊ शकतो. मराठी वाचकाला हा वाद हार्मोनियमच्या निमित्ताने परिचित आहे. तिच्या ठरीव स्वरस्थानांवरील आक्षेपांच्या पार्श्वभूमीवर आकाशवाणीने १९४० मध्ये त्या वाद्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. त्रयीत पियानोला बाहेर काढता येत नाही. गजवाद्यांचे वादक त्याच्याबरोबर वाजताना त्याच्या स्वराशी जुळवून घेतात आणि तो थांबला की आपल्या कानाचे ऐकतात.

तिसरा प्रश्न आवाजाच्या ताकदीचा. आजच्या मोठ्या पियानोच्या पोटात बिडाची एकसंध चौकट असते, कारण दोनशेहून अधिक तारांचा एकत्रित ताण सुमारे १८ ते २० टनांपर्यंत जातो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागातील ओतकामाच्या जाणकारांना हे सांगताच उमगेल. बीड दाब उत्तम सोसते आणि कंपने शोषून घेते. इंजिनाच्या ठोकळ्यासाठी ते सोयीचे ठरते ते याच गुणांमुळे. बोस्टनच्या आल्फियस बॅबकॉक यांनी १८२५ मध्ये अशा एकसंध चौकटीचे एकस्व घेतले. त्यापूर्वीचे पियानो मुख्यतः लाकडी चौकटीचे, हलक्या ताणाचे आणि मृदू आवाजाचे असत. त्रयीच्या इतिहासातील पुष्कळशा बदलांमागे वाद्याचे हे परिवर्तन आहे.

== विकास ==

जोसेफ हायडन यांनी सुमारे ४५ त्रयी लिहिल्या. त्या काळी अशा रचना बहुधा ‘व्हायोलिन व चेलोच्या साथीसह पियानो सोनाटा’ अशा नावाने छापल्या जात. हे नाव त्यांच्या स्वरूपाला धरूनच होते. चेलो बराच वेळ पियानोवादकाच्या डाव्या हाताचा खर्ज दुपटीने वाजवतो. यावरून हायडन यांना चेलोचे महत्त्व कळले नाही असे कोणी म्हणते, पण ते अन्यायाचे आहे. त्या पियानोचा खालचा स्वर पातळ होता व त्याला आधाराची गरज होती.

मोझार्ट यांच्या १७८६ ते १७८८ मधील त्रयींत गजवाद्ये मोकळेपणाने बोलू लागली. बेटहोवेन यांनी १७९५ मध्ये आपली ओपस १ ही पहिली क्रमांकित कृती म्हणून तीन त्रयीच प्रसिद्ध केल्या आणि त्यांत चेलोला स्वतःचे म्हणणे दिले. त्यांची १८११ मधील ‘आर्चड्यूक’ त्रयी आजही या प्रकाराचे शिखर मानली जाते. व्हिएन्नात ११ एप्रिल १८१४ रोजी तिच्या पहिल्या जाहीर सादरीकरणात पियानोवर स्वतः बेटहोवेन होते. तोवर त्यांची श्रवणशक्ती फार खालावली होती. पियानो बेसूर असल्याचेही त्यांना जाणवले नाही, असे तालीम ऐकणाऱ्या लुई श्पोर या संगीतकाराने लिहून ठेवले आहे. पियानोवादक म्हणून त्यांच्या अखेरच्या जाहीर मैफलींपैकी ही एक होती.

पुढे शूबर्ट, मेंडेल्सोन, क्लारा शूमान, ब्राम्स, द्वोर्जाक आणि राव्हेल यांनी या प्रकारात मोलाची भर घातली. रशियात त्रयी हे स्मरणाचे माध्यम झाले. चायकोव्हस्की यांनी १८८२ मध्ये निकोलाय रुबिनस्टाइन यांच्या आणि शोस्टाकोविच यांनी १९४४ मध्ये इव्हान सोलेर्तिन्स्की यांच्या स्मृत्यर्थ त्रयी रचली.

== मुंबईतील गुरुवारच्या मैफली ==

वाल्टर काउफमान (१९०७–१९८४) हे बोहेमियातील कार्ल्सबाड, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील कार्लोव्ही व्हारी, येथे जन्मलेले ज्यू संगीतकार. बर्लिन व प्राग येथे त्यांचे शिक्षण झाले. प्रागच्या जर्मन विद्यापीठातील आपले प्राध्यापक नाझी युवक संघटनेत पुढारपण करतात हे कळल्यावर त्यांनी डॉक्टरेट घेण्यास नकार दिला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नाझींचा जोर वाढत असता १९३४ मध्ये ते मुंबईस आले.

आल्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिची मैफल होत असे. पियानोवर काउफमान, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एदिजिओ व्हेर्गा अशी ही त्रयी होती. मे १९३७ पर्यंत सोसायटीच्या १३६ मैफली झाल्या होत्या. दर आठवड्यास नवा कार्यक्रम बसवायचा तर तालमींना किती वेळ द्यावा लागत असेल, याची कल्पना शाळेचे स्नेहसंमेलन बसवलेल्या कोणासही करता येईल. त्यात मुंबईचा पावसाळा. दमट हवेत पियानोचा लाकडी ध्वनिफलक फुगतो, तारांचा ताण बदलतो आणि जुळवलेला पियानो पुन्हा बेसूर होतो.

पूर्ण वाद्यवृंद उभा करायला साठ-सत्तर वादक लागतात आणि ओबो, बसून यांसारखी वाद्ये वाजवणारे त्या काळच्या मुंबईत दुर्मीळ. मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्रयीला मात्र तिघे पुरेसे होते. परागंदा झालेल्या माणसाला परक्या शहरात आपले संगीत चालू ठेवण्याचा हाच सर्वांत जवळचा मार्ग होता, असे म्हणता येईल.

काउफमान यांना भारतीय संगीत आरंभी अगदी परके वाटले. पण ज्या संगीतावर एवढ्या लोकांचा जीव आहे ते आपल्याला कळत नसेल तर शिकलेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका झाली. १९३७ ते १९४६ या काळात ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिन वाजणारी आकाशवाणीची ओळखधून त्यांची आणि त्यातील व्हायोलिन मेहता यांचे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पहाटे रेडिओ लावणाऱ्या कोट्यवधी लोकांनी या त्रयीतील दोघांना, त्यांची नावे ठाऊक नसताना, वर्षानुवर्षे ऐकले आहे.

पुढे तिघांची ताटातूट झाली. मेहता १९४५ मध्ये इव्हान गालामियान यांच्याकडे शिकण्यास न्यूयॉर्कला गेले व नंतर मँचेस्टर, फिलाडेल्फिया आणि लॉस एंजेलिस येथे त्यांनी काम केले. प्रसिद्ध संगीत संचालक झुबिन मेहता हे त्यांचे पुत्र. काउफमान यांनी १९४६ मध्ये भारत सोडला. १९४८ पासून ते कॅनडातील विनिपेग सिंफनीचे संचालक होते.

== विद्यापीठातील पाहुणी मैफल ==

विसाव्या शतकात श्रीमंतांची दालने ओस पडली आणि चेंबर म्युझिकला मोठा आश्रय विद्यापीठांनी दिला. अमेरिकेतील ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठ हे याचे ठळक उदाहरण. १३ जुलै १९५५ रोजी पहिली मैफल केलेल्या बो-झार त्रयीचे पियानोवादक मेनाहेम प्रेस्लर त्याच वर्षी तेथे अध्यापक झाले. तेही लहानपणी नाझी जर्मनीतून निसटलेले. १९५७ मध्ये काउफमान त्याच विद्यापीठात संगीतशास्त्र शिकवू लागले आणि तेथेच असताना १९६८ मध्ये उत्तर भारतीय रागांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. बो-झार त्रयी २००८ पर्यंत टिकली. त्या सर्व काळात व्हायोलिन व चेलोवादक बदलले, पियानोवर प्रेस्लरच राहिले.

पाहुणी त्रयी विद्यापीठात येते तेव्हा बहुधा सायंकाळच्या मैफलीबरोबर विद्यार्थ्यांसाठी जाहीर पाठही होतो. विद्यार्थी वाजवतात, पाहुणे थांबवून दुरुस्त करतात आणि बाकीचे ऐकतात. गुरूसमोर बसून घेतलेल्या तालमीशी याचे साम्य आहे, फरक इतकाच की इथे गुरू दुसऱ्या दिवशी गावाला जातो.

मैफल साधारण दीड-दोन तासांची असते व तीत दोन वा तीन रचना होतात. प्रत्येक रचनेचे तीन-चार भाग असतात. दोन भागांच्या मध्ये टाळ्या न वाजवण्याची रीत आहे, पण एखाद्या श्रोत्याने वाजवल्याच तर तो मोठा अपराध मानू नये. ध्वनिक्षेपक नसतो. पियानोचे झाकण बहुधा उघडे असते आणि व्हायोलिन व चेलोवादक त्याच्यापुढे बसतात. पियानोवादकाला ते पाठमोरे वा तिरपे दिसतात, म्हणून सुरुवातीचा इशारा पुष्कळदा डोळ्यांपेक्षा श्वासाने दिला जातो. पुढच्या रांगेत बसल्यास पहिल्या स्वरापूर्वीचा व्हायोलिनवादकाचा हा श्वास ऐकू येतो.