धावत्या पोराची भोवळ



ज्या वयात इतर मुले शाळेत जातात, त्या वयात मी धान्याच्या बाजारात तुरीचे कट्टे उचलीत होतो. तेव्हा मी हृदयरोगावर बोलावे हे धाडसच आहे. परंतु हमालांच्या संघटनेचे काम करताना असा एक प्रसंग आला की, हा विषय मला डॉक्टरांना विचारून आणि वाचून समजून घ्यावा लागला.

आमचा एक एकोणीस वर्षांचा हमाल पाठीवर कट्टा असतानाच कोसळला. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी मिरगी म्हटले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. ईसीजी काढला, तो निर्दोष निघाला. ‘अशक्तपणा आहे’ असे सांगून त्याला परत कामावर धाडले. माझ्या मनात प्रश्न उभा राहिला : जो मुलगा दिवसभर पन्नास किलोंचे कट्टे उचलतो, तो अशक्त कसा?

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरविते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतेच. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीला महारोहिणी म्हणतात. तिच्या मुळाशी तीन खोलगट कप्पे असतात. डाव्या कप्प्यातून डावी आणि उजव्यातून उजवी, अशा दोन लहान रोहिण्या निघून हृदयाचे पोषण करतात. डॉक्टर ज्यांना कोरोनरी म्हणतात त्या याच. फार थोड्या माणसांत, शंभरांत एकाहूनही कमी, यांपैकी एक जन्मतःच भलत्या कप्प्यातून निघते.

असा प्रत्येक दोष घातक असतो असे नव्हे. पुष्कळांचे सारे आयुष्य त्यासह सुखाने जाते. खरा धोका असतो तो डावी रोहिणी उजव्या कप्प्यातून निघून, महारोहिणी व फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी या दोन मोठ्या नळ्यांच्या मधून जाते तेव्हा. तिचे तोंड बहुधा फटीसारखे चिंचोळे असते आणि सुरुवातीचा भाग महारोहिणीच्या भिंतीतूनच जातो. बसल्या जागी काही जाणवत नाही. श्रमात महारोहिणी ताणली की ही वाट आवळली जाते, आणि हृदयाला रक्ताची गरज सर्वांत जास्त असते त्याच क्षणी पुरवठा तुटतो.

अमेरिका व इटली येथील डॉक्टरांनी २००० साली या दोषाने अकस्मात मेलेल्या २७ तरुण खेळाडूंची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी २३ जणांत डावी रोहिणी चुकीच्या बाजूने निघाली होती. ज्या ९ जणांचा ईसीजी जिवंतपणी काढलेला होता, त्या सर्वांचा तो निर्दोष होता. श्रम करवून घेतलेली चाचणी ६ जणांची झाली होती, तीही निर्दोष. मात्र १० जणांना आधी भोवळ, छातीत दुखणे अशा खुणा जाणवल्या होत्या. शरीराने इशारा दिला होता, कागदाने दिला नव्हता.

म्हणून अशा वेळी हृदयाचे चित्रच पाहावे लागते. पहिली पायरी इकोची. ध्वनिलहरींनी हृदय दिसते, किरणांचा त्रास नाही. पण दोन्ही रोहिण्यांची मुळे मुद्दाम शोधावी लागतात. मुलांत ती बरीच स्पष्ट दिसतात, मोठ्यांत पुष्कळदा दिसत नाहीत. दुसरी पायरी सीटी अँजिओग्राफीची. हातातील शिरेतून आयोडीनयुक्त द्रव सोडतात, गरज पडल्यास औषधाने ठोके मंद करतात आणि काही क्षण श्वास रोखायला सांगतात. रोहिणी कोठून निघाली आणि कशामधून गेली, ते त्यात नीट दिसते. यात क्षकिरण लागतात, आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांत हा द्रव जपून वापरावा लागतो. म्हणूनच ही तपासणी सरसकट सर्वांची करायची नसते. एमआरआयमध्ये किरण नसतात, पण वेळ अधिक लागतो.

आमच्या मुलाच्या इकोत डाव्या रोहिणीचे मूळ सापडेना. सीटीत ते उजवीकडे सापडले. शस्त्रक्रियेने ती चिंचोळी वाट मोकळी केली. आज तो काट्यावर मापाचे काम करतो.

वऱ्हाड ही व्यायामाची भूमी आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. पहाटे आपल्या मैदानांवर भरतीसाठी धावणारी पोरे तुम्ही रोज पाहता. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात काही तरुण दगावले. त्यांच्या हृदयात हाच दोष होता असे मी म्हणत नाही. तेव्हा ऊनही होते. पण धावणाऱ्याची आधी विचारपूस व्हावी, एवढे तरी त्यातून शिकायला हवे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या त्या तपासणीत जन्मजात हृदयदोषही येतात. पण अठरा ओलांडून मुलगा कट्टा उचलू लागला, की त्याला कोण विचारतो?

विचारायचे फार नाही. धावताना किंवा ओझे उचलताना कधी शुद्ध हरपली का? श्रमात छातीत दुखते का? घरात कोणी तरुणपणी अचानक गेले का? या तीन प्रश्नांना पैसा लागत नाही. एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर मुलाचे धावणे व ओझे तात्काळ थांबवा आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या. ईसीजी चांगला आहे म्हणून परत फिरू नका. ‘दोन्ही रोहिण्यांची मुळे दिसली काय?’ असे विचारा. उस्ताद, मुकादम, मालक आणि आम्ही संघटनावाले, सर्वांनी एवढे पाळले, तरी श्रमात कोसळलेल्या पोराच्या नाकाशी कांदा धरून त्याला पुन्हा ओझ्याखाली धाडण्याचे पाप आपल्या हातून होणार नाही.