पाण्यांतून ऐकूं येणारीं जहाजें

आषाढांत रेवसच्या धक्क्यावर उभें राहिलें, तर पावसाच्या सरींत खाडीपलीकडचा करंज्याचा किनाराही दिसेनासा होतो. डोळा निरुपयोगी, आणि हवेंतला भोंगा वारा नेईल तिकडे जाणार. पाण्याच्या पोटांत मात्र ध्वनि आपल्या वेगानें धांवतच असतो. जहाज कोठें आहे आणि कोणतें आहे, हें त्या ध्वनीवरून कसें ओळखतात, तें आज सांगावयाचें आहे.

हवेंत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. समुद्रांत सुमारें १५००. पाण्यांतला हा वेग १८२६ सालीं कोलादों व स्टुर्म या दोघांनीं जिनीव्हाच्या सरोवरांत मोजला. एका होडींतून पाण्याखालीं घंटा वाजविली व त्याच क्षणीं दारू पेटविली. साडेतेरा किलोमीटरांवर, पाण्यांत कर्णा बुडवून बसलेल्या सोबत्यानें उजेड व नाद यांतील काळ मोजला. तो दहा सेकंदही भरला नाहीं. त्या थंड पाण्यांत वेग १४३५ मीटर निघाला.

हांक कोणत्या बाजूनें आली हें आपणांस कळतें, कारण ती एका कानाला किंचित् आधीं पोंचते. पाण्यांत ध्वनि इतक्या त्वरेनें जातो कीं आपले जवळजवळचे दोन कान तेथें पुरे पडत नाहींत. म्हणून जलश्रवणयंत्रें, म्हणजे पाण्यांतील कंपांच्या विजेच्या लहरी बनविणारे कान, एकमेकांपासून दूर ठेवितात. दोहोंत तीन मीटर अंतर असेल, तर समोरून येणारा ध्वनि त्यांना एकाच वेळीं गांठतो; अगदीं बाजूनें येणारा सेकंदाच्या दोन सहस्रांशांच्या फरकानें. मधल्या फरकांवरून दिशा निघते. पण दिशा म्हणजे ठिकाण नव्हे. समजा, एक श्रवणस्थान रेवसला व दुसरें मांडव्याला आहे. दोहोंकडून काढलेल्या रेषा नकाशावर जेथें छेदतील, तेथें जहाज. भूमितीचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हेंच उदाहरण देत असें.

ओळख पटविण्याचें काम याहून मौजेचें. जहाजाच्या पंख्याचें प्रत्येक पातें पाण्याला ठोका देतें. पातीं चार असलीं व पंखा मिनिटाला १२० फेरे घेत असला, तर सेकंदाला आठ ठोके. वेग वाढला कीं पात्यांपाशीं पोकळ बुडबुडे होऊन फुटतात व त्यांची सळसळ त्यांत मिसळते. शिवाय इंजिन, पंप, वीजयंत्र, प्रत्येकाचा सूर निराळा. भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच व तेलवाहू जहाज यांतील भेद सरावलेला कानही सांगेल. एकाच जातीच्या दोन जहाजांतला बारीक भेद मात्र संगणक, आवाजाचें पृथक्करण करून, आलेखाच्या रेघांत दाखवितो.

अडचणी पुष्कळ. नांगी वाजविणाऱ्या कोळंबीचा तडतडाट असतो, चिखलाचा तळ ध्वनि गिळतो. उन्हाळ्याच्या दुपारीं वरचें पाणी तापलें म्हणजे ध्वनि खालच्या थंड पाण्याकडे वांकतो, आणि सकाळीं ऐकूं आलेलें जहाज दुपारीं हरवतें.

या विद्येनें जीव घेतले आहेत. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं दीवनजीकच्या समुद्रांत पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनें आपल्या ‘खुकरी’ युद्धनौकेचा माग ध्वनीवरून काढला व तिला बुडविलें. १८ अधिकारी व १७६ नाविक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला त्यांतच. पाणबुडीचें खरें चिलखत नि:शब्दता हेंच. माझगांव गोदींत बांधलेली, १४ डिसेंबर २०१७ रोजीं नौदलांत दाखल झालेली ‘कलवरी’ घडवितांना आवाज कमी ठेवण्यावर भर दिला गेला, तो याचसाठीं.

पण ऐकणें हें केवळ युद्धाचेंच काम कां असावें? १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हतें. वांचलेले पोहत किनाऱ्याला लागेपर्यंत मुंबईला कांहीं कळलें नाहीं. ज्या जहाजाला हांक मारतां येत नाहीं, त्याच्याविषयींही पाण्यांतला कान एवढें सांगूं शकतो कीं यंत्राचा घोष चालू होता, तो एकाएकीं थांबला, आणि अमुक दिशेला थांबला.